माझी नोकरी घालवणारे गृहस्थ

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे काय प्रकार असतो, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको. आमच्या सीवूड्सच्या इमारतींत माळे लहान आणि संसार मोठे. तेव्हा वर्षभर वर कोंबलेले सगळे त्या चार दिवसांत खाली येते. गेल्या वर्षी अशाच गडबडीत, वसुबारसेच्या दुपारी, शेजारच्या इमारतीतल्या आजी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागे त्यांचा नातू, आणि त्याच्या हातात एक पत्र्याची ट्रंक.

“अगं, तू शेअरच्या कचेरीत होतीस ना? मग एवढं बघ बाई. रद्दीवाला खाली थांबलाय. हा म्हणतो, हे कागद सगळे बाद झाले आता, देऊन टाकू. पण माझं मन काही होत नाही.”

ट्रंक उघडली आणि माझ्या काळजात चर्र झाले. लाल दोऱ्याने बांधलेली शेअर सर्टिफिकिटांची चळत. कुणाची कड मोरपंखी, कुणाची मोतिया रंगाची; आणि प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात हळदकुंकवाचे बोट. आजोबा दर लक्ष्मीपूजनाला ही सर्टिफिकिटे चौरंगावर मांडीत. ते जाऊन चौदा वर्षे झाली. त्या चौदा वर्षांत ट्रंकेचे कुलूप कुणी काढलेले नव्हते.

रद्दीवाल्याला मी हात हलवूनच परत पाठवले. त्या रात्री त्या ट्रंकेपाशी बसले असताना मला एका गृहस्थाची फार आठवण झाली. मी त्यांना जन्मात कधी भेटलेले नाही. ते मला ओळखत नाहीत. तरीपण माझी तेवीस वर्षांची नोकरी ज्या एका बदलामुळे गेली, त्या बदलाच्या अग्रभागी ते होते. त्यांचे नाव चंद्रशेखर भास्कर भावे. आज या दिवाळीच्या निमित्ताने त्यांचीच हकीगत सांगायची आहे. मात्र ती कळायची तर आधी माझी थोडी ऐकून घ्यावी लागेल.

कागदांचे राज्य

१९७८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मी फोर्टातल्या एका कंपनीच्या शेअर खात्यात कारकून म्हणून लागले. गिरगावातून पायी जायचे आणि पायी यायचे. खात्यात आम्ही बेचाळीस माणसे होतो, आणि कागद किती होते त्याची गणती नव्हती.

आजच्या मुलांना हे सारे पुराणातले वाटेल, म्हणून थोडे उलगडून सांगते. तेव्हा शेअर म्हणजे खरोखरीचा कागद असे. तुम्ही शेअर विकलात की सर्टिफिकीट आणि त्यासोबत सही केलेले ट्रान्सफर डीड दलालाच्या हाती द्यायचे. ते एका दलालाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असे फिरत फिरत खरेदीदाराकडे पोचायचे. त्याने डीडच्या पाठीवर शेकडा पन्नास पैशांप्रमाणे तिकिटे चिकटवायची आणि सगळे पुडके कंपनीकडे पाठवायचे. मग आमच्यासारख्या कारकुनांनी फोलिओ नंबर काढायचा, सर्टिफिकिटावरचे अनुक्रमांक वहीशी ताडायचे, आणि विकणाऱ्याची सही आमच्याकडच्या नमुन्याच्या सहीशी जुळते की नाही ते पाहायचे. जुळली तर नव्या मालकाचे नाव चढवायचे. न जुळली तर सबबीची चिठ्ठी लावून कागद आल्या वाटेने परत!

या प्रवासात काय होत नसे ते विचारा. टपालात पाकिटे गहाळ होत. मधल्या मध्ये चोरीला जात. बनावट सर्टिफिकिटे निघत, आणि ती इतकी हुबेहूब की आमचे मुख्य कारकूनसुद्धा भिंगातून पाहून मान हलवीत. बाजारात या सगळ्याला एक गोंडस नाव होते, “बॅड डिलिव्हरी”. पैसे मोजून माल घेतला, आणि माल आपल्या नावावर होईल की नाही ते देवाला ठाऊक, असा तो कारभार होता.

आता एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ती सांगते. १९८९ सालची. डोंबिवलीकडच्या एका गृहस्थांनी आपले शेअर विकले होते. खरेदीदाराने कागद आमच्याकडे पाठवले. सही माझ्या टेबलावर आली आणि ती जुळेना. नमुन्यातली सही ठसठशीत, वळणदार. डीडवरची मुंगी शाईतून चालत गेल्यासारखी. मी नियमाप्रमाणे “सही जुळत नाही” असा शिक्का मारला. महिनाभराने त्यांच्या पत्नी कचेरीत आल्या. यजमानांना अर्धांगाचा झटका आला होता, औषधपाण्यासाठीच शेअर काढले होते, आणि कागद परत फिरल्यामुळे दलाल आता पैसे परत मागत होता.

“बाई, हा माझ्या नवऱ्याचाच हात आहे हो,” त्या म्हणाल्या.

मला ते समोर दिसत होते. तरीही मी त्यांना बँकेकडून सही साक्षांकित करून आणायला सांगितले, कारण नियम तोच होता. त्या आणायला गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हते. आता सहीचा प्रश्नच उरला नव्हता. आता कोर्टाचा वारस दाखला लागणार होता. मी तसे त्यांना सांगितले. नियमात माझी काडीचीही चूक नव्हती. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेले नाही.

पहाऱ्यावरचा अधिकारी

आता भावेसाहेबांकडे वळू. हे गृहस्थ शिक्षणाने विजेचे इंजिनिअर. १९७५ च्या तुकडीतून आय.ए.एस. झाले आणि महाराष्ट्राच्या सेवेत रुजू झाले. सरकारी अधिकाऱ्याची चढण असते तशी त्यांचीही चढण चालली होती.

१९९२ साल उजाडले आणि देशाच्या पैशाच्या बाजाराला भूकंपाचा धक्का बसला. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात हर्षद मेहता प्रकरण वर्तमानपत्रांत फुटले. बँकांचा पैसा बिनबोभाट शेअर बाजारात खेळत होता, आणि त्याचा मुख्य आधार काय, तर बँकांनी एकमेकींना दिलेल्या पावत्या. काहींच्या मागे रोखेच नव्हते! म्हणजे पुन्हा कागद, आणि कागदावर डोळे मिटून ठेवलेला विश्वास.

बाजारावर देखरेख करणारी सेबी ही संस्था १९८८ साली स्थापन झाली होती. पण तिच्या हाती काठी नव्हती. नुसती शिट्टी होती. १९९२ च्या कायद्याने काठी आली. नरिमन पॉइंटच्या मित्तल कोर्टात तिची कचेरी होती. तिथे १९९२ साली भावे वरिष्ठ कार्यकारी संचालक म्हणून आले आणि १९९६ पर्यंत राहिले. दलालांची नोंदणी, कंपन्यांच्या भांडवल उभारणीवर नजर, नवे नियम, अशी नव्या संस्थेची घडी बसवण्याची ती वर्षे होती.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली खरी कलाटणी इथे आहे. पहारेकरी उंचावर उभा असतो. त्याला सगळे दिसते. दलाल दिसतो, कंपनी दिसते, टपालात हरवलेले पाकीट दिसते, आणि डोंबिवलीची ती बाईही, दुरून का होईना, आकड्यांत दिसते. मग तो काय करतो? परिपत्रक काढतो. चूक करणाराला नोटीस देतो. आणखी एक नियम करतो. पण रोग कागदातच होता. त्यावर आणखी कागद हा उतारा कसा ठरावा?

उतारा जगाला ठाऊक होता. शेअर कागदावर न ठेवता मध्यवर्ती खात्यात ठेवायचे. बँकेत आपण नोटा ठेवतो आणि पासबुकात आकडा येतो, तसेच. विकले की एका खात्यातला आकडा कमी, दुसऱ्यातला जास्त. सर्टिफिकीट नाही, टपाल नाही, तिकिटे नाहीत. सप्टेंबर १९९५ मध्ये यासाठी वटहुकूम निघाला आणि १९९६ साली डिपॉझिटरीज कायदा झाला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने नोव्हेंबर १९९४ मध्येच शेअरांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले होते. म्हणजे सौदा क्षणात होऊ लागला, आणि माल मात्र अजून पोत्यांतून येत होता! घोडा मोटारीला जुंपावा तशी ती गत होती.

प्रश्न एवढाच होता, की ही नवी पेढी उभारणार कोण?

खुर्ची सोडली

भाव्यांनी ते काम पत्करले. सरकारी नोकरीला एकवीस वर्षे झाली होती. पुढे सचिवपदे दिसत होती. दिवा, गाडी, बंगला, सगळे रीतसर येणार होते. ते सोडून ते १९९६ साली नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी लिमिटेड, म्हणजे एनएसडीएल, या कंपनीचे प्रमुख झाले. आयडीबीआय, युनिट ट्रस्ट आणि नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या तिच्या प्रवर्तक संस्था. तेव्हा ही काही कुणा शेटजींची खाजगी पेढी नव्हे. पण कंपनी ती कंपनीच. तिथे परिपत्रक काढून भागत नाही. गिऱ्हाईक आले नाही तर दुकान बंद होते.

निवृत्तीनंतर खाजगी कंपनीत मानाच्या खुर्चीवर बसणारे साहेब आपल्याला ठाऊक आहेत. फाइल जिथे अडली तिथल्या ओळखी उपयोगी पडाव्यात, एवढ्यासाठीच अनेकांना तिथे नेतात, हेही आपण जाणतो. ही गोष्ट निराळी होती. इथे खुर्चीच तयार नव्हती. ती स्वतः सुतारकाम करून बनवायची होती.

८ नोव्हेंबर १९९६ रोजी एनएसडीएलचे उद्घाटन झाले. लोअर परळला कमला मिलच्या आवारात पुढे कित्येक वर्षे तिचे बिऱ्हाड होते. ज्या भागात एके काळी सूत निघायचे, तिथून आता आकड्यांचे धागे देशभर जाऊ लागले.

आरंभी मात्र लोक फिरकेनात. कंपन्या म्हणत, खातेदार येऊ देत, मग आम्ही येतो. खातेदार म्हणत, कंपन्या येऊ देत. आणि सामान्य माणसाचे म्हणणे तर अगदी साधे होते: “हातातला कागद देऊन टाकायचा, आणि मग माझ्याजवळ काय उरले?” आमचे हेसुद्धा असेच म्हणत. सोने लॉकरमध्ये ठेवले तरी किल्ली आपल्या कनवटीला असते. इथे तर किल्लीही नाही!

तेव्हा सेबीने टप्प्याटप्प्याने सक्ती आणली. १५ जानेवारी १९९८ पासून मोठ्या वित्तसंस्थांना निवडक शेअरांचे व्यवहार डिमॅट स्वरूपातच करणे भाग पडले. ४ जानेवारी १९९९ पासून ती सक्ती सर्वसामान्य गुंतवणूकदारांवर, निवडक शेअरांपुरती, आली आणि यादी वाढत गेली. त्याच वर्षी सीडीएसएल ही दुसरी डिपॉझिटरी सुरू झाली, म्हणजे स्पर्धाही आली. पुढचा वेग तर थक्क करणारा आहे. २००२ साली सौद्यानंतर तीन दिवसांत, २००३ साली दोन दिवसांत, आणि २०२३ च्या जानेवारीपासून सर्व शेअरांसाठी एका दिवसात हिशेब पुरा होऊ लागला. जिथे मी एका नावाच्या बदलीला दोन महिने लावत होते, तिथे आता एक सूर्योदय पुरतो.

कागद आवरण्याची ही ख्याती झाल्यावर सरकारनेही याच कंपनीला कामे दिली. २००४ सालापासून आयकराच्या माहितीचे जाळे, पॅन कार्डांचे अर्ज, आणि २००८ पासून नव्या पेन्शन योजनेच्या नोंदी. आपल्यापैकी पुष्कळांच्या पॅन कार्डाचे पाकीट तिच्याच नावाने घरी आले असेल.

आणि आमचे खाते? बेचाळिसांचे तीस झाले, तिसांचे अकरा. २००१ साली आम्हा उरलेल्यांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. भाव्यांनी आपली नोकरी स्वेच्छेने सोडली होती. माझी मात्र कंपनीच्या स्वेच्छेने सुटली. मुलगा तेव्हा बारावीला होता, आणि या घराचे हप्ते चालू होते. सीवूड्सला तेव्हा संध्याकाळी रिक्षाही धड मिळत नसे. त्या दिवशी स्टेशनपासून चालत येताना मी ज्या ज्या माणसांना मनातल्या मनात बोल लावले, त्यांत भावेसाहेबही होते. पुढे मी घरी शिकवण्या घेतल्या आणि संसार रेटला. पण राग शमायला वेळ लागला. खरे सांगायचे तर तो त्या डोंबिवलीच्या बाईंच्या आठवणीने शमला. माझ्यासारखी बेचाळीस टेबले गेली, त्याबरोबर असे किती शिक्के मारायचे राहिले असतील!

तपासणाराची तपासणी

इथे आमच्या सोसायटीतला एक मासला सांगते. आमच्याकडे एक निवृत्त हिशेबतपासनीस राहतात. दर वार्षिक सभेत ते उभे राहून ताळेबंदाची चिरफाड करीत. पाण्याच्या टँकरच्या पावत्या कुठे आहेत, लिफ्टचे कंत्राट कुणाला दिले? अखेर एका सभेत लोकांनी त्यांनाच सेक्रेटरी केले. वर्षभर त्यांनी कारभार छान चालवला. पण पुढच्या सभेत एका तरुण मुलाने टँकरच्या पावत्या मागितल्या, तेव्हा आमच्या या गृहस्थांचा चेहरा असा काही उतरला, की सांगता सोय नाही. दुसऱ्याची तपासणी करणे सोपे. आपल्याला कुणी तपासू लागले की माणसाची खरी जात कळते.

भाव्यांवरही तोच प्रसंग आला, आणि तो फार मोठ्या मैदानावर.

२००३ ते २००५ या काळात नव्या कंपन्यांच्या शेअरविक्रीत एक विलक्षण लबाडी झाली. किरकोळ गुंतवणूकदारांसाठी राखलेले शेअर लाटण्यासाठी काही लोकांनी हजारो बनावट नावांनी डिमॅट खाती उघडली. म्हणजे कागदी सर्टिफिकीट गेले, पण कागदी माणसे आली! ज्या सेबीत भाव्यांनी चार वर्षे काढली होती, तिनेच आता एनएसडीएलला जाब विचारला. नोव्हेंबर २००६ मध्ये सेबीने दोन्ही डिपॉझिटरी आणि काही मध्यस्थ यांच्याकडून मिळून शंभर कोटींहून अधिक रक्कम वसूल करण्याचा आदेश काढला. खातेदाराची ओळख पटवण्याची जबाबदारी खाते उघडणाऱ्या मध्यस्थांची आहे, असा एनएसडीएलचा बचाव होता. अपिलीय लवादाने तो वसुलीचा आदेश पुढे रद्द केला. या प्रकरणातून घेतलेला धडा म्हणजे १ एप्रिल २००६ पासून नव्या डिमॅट खात्याला पॅन कार्ड सक्तीचे झाले.

आणि मग नाटकातही शोभणार नाही असा प्रवेश घडला. फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारने भाव्यांनाच सेबीचे अध्यक्ष नेमले! पहारेकरी कोठारात गेला होता. कोठाराच्या हिशेबावर बोट ठेवले गेले होते. आणि आता त्याच कोठारी गृहस्थांना पहारेकऱ्यांचा नायक करून परत आणले होते. एनएसडीएलची चौकशी अजून पुरती मिटलेली नव्हती.

भाव्यांनी त्या प्रकरणांपासून स्वतःला बाजूला ठेवले. ती प्रकरणे मंडळातल्या दोन सदस्यांच्या समितीकडे गेली: कायद्याचे अभ्यासक जी. मोहन गोपाल आणि रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर व्ही. लीलाधर. डिसेंबर २००८ मध्ये या समितीने एनएसडीएलच्या कारभारावर ताशेरे ओढले. ते आदेश सेबीच्या मंडळाने पुढे अमान्य ठरवले. त्यावर वृत्तपत्रांत पुष्कळ टीका झाली आणि वाद सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला.

इथे मला वाचकांशी मोकळेपणाने बोलायचे आहे. मी काही भावेसाहेबांची आरती ओवाळायला बसलेली नाही. खोलीतून उठून बाहेर जाणे हा सभ्य माणसाचा आचार आहे, आणि तो त्यांनी पाळला. पण अध्यक्ष बाहेर गेला तरी त्याची खुर्ची खोलीतच असते. आत बसलेल्यांना तिची सावली जाणवली नाही, असे लोकांना पटवायचे तरी कसे? मंडळाने केले ते बरोबर की चूक, याचा निवाडा करण्याइतकी मी कायदेपंडित नाही. मात्र सोसायटीच्या सभेत एवढे मी शिकले आहे, की ज्याने कारभार केला त्याला लगेच तपासणीच्या खुर्चीत बसवू नये. तो कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या सचोटीवर आपण नाहक भार टाकतो. हा दोष माणसाचा कमी आणि नेमणाऱ्यांचा जास्त.

तीन वर्षांची कमाई

अध्यक्षपदाची तीन वर्षे मात्र आपल्यासारख्यांच्या उपयोगी पडली, हे नाकारता येणार नाही. पूर्वी नव्या शेअरसाठी अर्ज केला की पैसे आधी जात आणि शेअर न मिळाल्यास परताव्याची वाट पाहत बसावे लागे. २००८ मध्ये अशी सोय झाली, की पैसे आपल्याच बँकेच्या खात्यात राखून ठेवले जातात आणि शेअर मिळाले तरच कापले जातात. व्याजही आपलेच. दुसरी गोष्ट म्युच्युअल फंडाची. शंभर रुपये भरले की सव्वादोन रुपयांपर्यंत रक्कम दारातच कापून विक्रेत्याला दिली जाई. १ ऑगस्ट २००९ पासून ही कपात बंद झाली. विक्रेते भयंकर चिडले, पण गिऱ्हाइकाचे पूर्ण शंभर रुपये कामाला लागले.

२०१० च्या एप्रिलमध्ये विमा आणि गुंतवणूक यांची खिचडी असलेल्या योजनांवरून सेबीने चौदा विमा कंपन्यांना रोखले. दोन सरकारी देखरेख संस्थांची जुंपली, आणि जूनमध्ये सरकारने वटहुकूम काढून कौल विमा नियंत्रकाच्या बाजूने दिला. ती लढाई भावे हरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी लोकांकडून गोळा केलेल्या प्रचंड रकमांवर सेबीने बोट ठेवले. भाव्यांची मुदत फेब्रुवारी २०११ मध्ये संपली. पण ते प्रकरण पुढे चालले आणि ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेबीची बाजू उचलून धरत चोवीस हजार कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचा हुकूम दिला.

त्यानंतर ते खाजगी क्षेत्रात स्वतंत्र संचालक म्हणूनही दिसले. ज्या डी-मार्टातून आपण तूरडाळ आणि दिवाळीचा रवा आणतो, ते चालवणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सच्या संचालक मंडळावर ते २०१६ साली आले. स्वतंत्र संचालक म्हणजे काय? तर कंपनीच्या घरात बसलेला, पण घरचा नसलेला माणूस. पुन्हा पहाराच, फक्त या वेळी दाराच्या आतून.

ट्रंकेचे काय झाले

आजींच्या ट्रंकेचे काय झाले हे सांगितल्यावाचून माझी सुटका होणार नाही, हे मी जाणून आहे.

नातू म्हणत होता तसे ते कागद बाद झालेले नव्हते. १ एप्रिल २०१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांचे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, एवढे खरे. पण मालकी बुडत नाही, आणि मृत्यूनंतर वारसाच्या नावे ते करता येतात. मी कमरेला पदर खोचला. मृत्यूचा दाखला, पॅन, आधार, बँकेने साक्षांकित केलेली आजींची सही, वारसांची संमतीपत्रे, असे एकेक जमवत गेलो. काही कंपन्यांचा लाभांश सात वर्षे कुणी उचललेला नव्हता, म्हणून ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे गेले होते; तेही मागता येतात, वेगळा अर्ज करावा लागतो. कंपनीचे मंजुरीपत्र हाती आले की एकशेवीस दिवसांच्या आत ते तेव्हा डिमॅट खात्यात जमा करावे लागे. हा नियम मी नातवाच्या फोनवर, आजींच्या कॅलेंडरवर आणि माझ्या वहीत, असा तीन ठिकाणी लिहून ठेवला.

एका कंपनीने आजींची सही जुळत नाही म्हणून कागद परत पाठवले. ती चिठ्ठी हातात आली तेव्हा माझा हात क्षणभर थरथरला. तीच भाषा, तोच शिक्का, फक्त आता मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते. आजींचा हात धरून मी त्यांना बँकेत घेऊन गेले. मॅनेजरसमोर त्यांनी नीट चष्मा लावून सही केली, आणि त्या मुलाने काही न कुरकुरता शिक्का मारला. १९८९ सालचे माझे देणे थोडे तरी फिटले असे मला वाटले.

दहा महिने लागले. आता बहुतेक शेअर आजींच्या डिमॅट खात्यात आले आहेत, नातवाचे नाव नॉमिनी म्हणून लागले आहे, आणि निधीकडचा एक अर्ज तेवढा बाकी आहे. मधल्या काळात, २०२५ च्या ऑगस्टात, खुद्द एनएसडीएलचेच शेअर मुंबई शेअर बाजारात दाखल झाले. लोकांचे हिशेब ठेवणारी कंपनी आता स्वतःचा हिशेब दर तिमाहीला चारचौघांत मांडणार. तपासणाराची तपासणी आता पुरती झाली म्हणायची!

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. यंदा ती उघडा. रद्दीवाल्याला सांगा, पुढच्या महिन्यात ये. आणि घरातल्या कर्त्या माणसाला, तो हयात असतानाच, नॉमिनीचे नाव लावायला सांगा. सणासुदीला असे काही बोलू नये म्हणून दडपू नका.

परवा आजी पुन्हा आल्या. चेहरा थोडा हिरमुसलेला.

“सगळं छान झालं गं,” त्या म्हणाल्या, “पण आता लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवू काय? ते असते तर विचारलं असतं.”

नातवाने डिपॉझिटरीकडून आलेले शेअरांचे खातेपत्रक छापून आणले होते. साधा पांढरा कागद. मोरपंखी कड नाही की मोतिया रंग नाही. आजींनी तो उलटसुलट करून पाहिला, आणि माझ्या देवघरातल्या कुयरीत बोट बुडवून वरच्या कोपऱ्यात हळदकुंकू लावले.